हाताचं वळण

१

सकाळी शटर वर केलं की माझं पहिलं काम ठरलेलं असतं. फ्लो बेंचचा पंखा सुरू करायचा, पाच-दहा मिनिटं त्याला तापू द्यायचं आणि तोवर उभ्या उभ्या चहा घ्यायचा. फ्लो बेंच म्हणजे एक लोखंडी पेटाराच आहे. वर मोटरसायकलच्या इंजिनाचं हेड घट्ट बसवायचं, खालून पंखा हवा ओढतो आणि त्या हेडमधून किती हवा जाते ते काट्यावर दिसतं. हेडमध्ये हवा आत शिरायची जी वाकडी वाट असते तिला आम्ही पोर्ट म्हणतो. कारखान्यातून येते तेव्हा ती ओबडधोबड असते. ती आतून कोरून, घासून हवेच्या सोयीची करून द्यायची, हा आमचा धंदा. शर्यतीत पळणाऱ्यांचं अर्धं नशीब त्या बोटभर वाटेत असतं.

कोरायचं दादानं आणि मोजायचं मी, असं बावीस वर्षं चाललं. गेल्या वर्षापासून कोरायचं काम मशीन करतं. मोजायला मी आहेच.

मशीनचं कौतुक एकाच गोष्टीसाठी. हातानं केलेली दोन हेडं कधी सारखी निघत नाहीत, दादाचीसुद्धा निघत नसत. मशीनमधून शंभर काढा, शंभर सारखी. शर्यतीच्या एका संघाची तीस हेडांची ऑर्डर होती. पहिल्या आठांचा आकडा मी वहीत एकाखाली एक लिहिला होता, दोनशे अठरा, आठही वेळा. नवव्याला काटा दोनशे एकोणीसवर थांबला.

हवा गार असेल, म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि पुन्हा मोजलं. दोनशे एकोणीस. दहावंही तितकंच. अकरावं दोनशे वीस.

मशीन चालवायला आमच्याकडे मास्तर होते. तंत्रशाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, डबा आणि चष्मा दोन्ही विसरणारे, पण मशीनला ‘अहो’ म्हणण्याइतके अदबशीर. मी त्यांना वही दाखवली.

“बाई, बेंच तपासा तुमचा,” ते म्हणाले. “मशीन सुधारत नसतं. ते फक्त बिघडतं.”

बेंच तपासायची एक चकती असते, ठरावीक मापाचं भोक पाडलेली. ती लावून पाहिली. बेंच केसभरही चुकत नव्हता.

२

हे मशीन आमच्याकडे कसं आलं, ते आधी सांगायला हवं.

दादाची बोटं पांढरी पडायला लागली त्याला आता चार वर्षं झाली. पहिल्यांदा त्यानं मलाच दाखवली होती. गारठ्याची सकाळ होती. उजव्या हाताची दोन बोटं मेणबत्तीसारखी दिसत होती आणि तो त्यांना टाचणी टोचून बघत होता. “हे बघ छोटी, काहीच लागत नाही,” असं हसत म्हणाला. कोरायच्या ग्राइंडरच्या थरथरीनं नसा मरतात, हे तेव्हा मला माहीत होतं. धंद्यातल्या सगळ्यांनाच माहीत असतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “एवढा सीझन काढू या दादा, मग सुट्टी घे.”

त्यानं तो सीझन काढला. पुढचाही काढला.

दादाचं एक हेड होतं, कुणालाही न दिलेलं. अकरा वर्षं तो अधूनमधून त्यावर हात फिरवत होता. कपाटात कापडात गुंडाळून ठेवायचा. ज्या दिवशी वहिनी त्याला नसांच्या तपासणीला घेऊन गेली, त्या दिवशी मी ते कपाट उघडलं. पोर्टमध्ये साच्याचं पातळ रबर ओतलं आणि चार तासांनी ते बाहेर ओढलं. निळं, लिबलिबीत, वाकलेल्या बोटासारखं. ते पिशवीत घालून मी स्कॅन करायला देऊन आले. त्यावरून कोरायच्या मशीनचा प्रोग्रॅम तयार झाला.

दुसऱ्या दिवशी दादानं कापड सोडलं आणि पोर्टला नाक लावलं.

“यात कुणी काही ओतलं होतं का?”

“नाही रे. मी जरा पुसून ठेवलं. रॉकेलनं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हेडकडे. “बरं,” म्हणाला आणि कापडाची गाठ मारली.

त्यानंतर दीड महिन्यांनी त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या हेडची भिंत कोरली गेली, थेट आरपार. बोटाला कळलंच नाही. पलीकडून उजेड आला तेव्हा कळलं. त्यानं ग्राइंडर बंद केला, पुसला, खिळ्याला अडकवला आणि घरी गेला. पुन्हा वर्कशॉपची पायरी चढला नाही. मी मशीन आणलं आणि त्याला सांगितलं, “कामं आता बाहेरून करून घेतो.”

“कुणाकडून?”

“आहे एक जण.”

“हात कसा आहे त्याचा?”

“बरा आहे,” मी म्हणाले.

हेडच्या कडेला दादा तीन बारीक ठिपके ठोकायचा, ती त्याची खूण. ते ठिपके मी ठोकत राहिले. लोक हेड हातात घेऊन ठिपक्यांवर अंगठा फिरवत आणि म्हणत, दादाचं काम ते दादाचंच काम.

३

मास्तर एका सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात त्यांचं मनगटी घड्याळ होतं, काढलेलं.

“एका हेडला किती वेळ लागतो, बाई?”

“बेचाळीस मिनिटं.”

“आज पंचेचाळीस लागली. काल चव्वेचाळीस होती. मी प्रोग्रॅमला हात लावलेला नाही.”

आम्ही दोघं काचेसमोर जाऊन उभे राहिलो. आत धातू गार ठेवायचं पांढरं पाणी उडत होतं आणि त्यामागे कटर पोर्टमध्ये घुसून वर-खाली होत होता. धातू कापला जातानाचा आवाज एकसुरी असतो, त्याला काही दिवसांत कान सरावतो आणि मग तो ऐकूच येत नाही. पण कटर आतल्या वळणाशी पोचला आणि आवाज थांबला. कटर फिरत होता, पण पुढे सरकत नव्हता. तो जरासा मागे आला. एक-दोन सेकंद तसाच राहिला. मग पुन्हा आत गेला, आधीपेक्षा हळू.

“हे तो आता दर वेळी करतो,” मास्तर म्हणाले. “आधी एकदा करायचा. आता एका फेरीत सहा-सात वेळा.”

“प्रोग्रॅम वाचायला वेळ लागत असेल. मेमरी कमी पडत असेल.”

“असेल,” मास्तर म्हणाले. शिकवणाऱ्या माणसाला चुकीचं उत्तर लगेच कळतं.

दादा असंच करायचा. वळणाशी आला की ग्राइंडर मागे घ्यायचा, तर्जनी आत घालायचा, डोळे मिटायचा, आणि मग हळूच पुढे. बावीस वर्षं मी बेंचशी बसून तो थांबण्याचा आवाज ऐकला होता. ग्राइंडरचा आवाज, मग काहीच नाही, मग पुन्हा ग्राइंडर. त्या मधल्या शांततेत त्याचं बोट आत असायचं.

मी मास्तरांना हे सांगितलं नाही. म्हणायचं तरी काय होतं?

४

दर बुधवारी मी दादाकडे जेवायला जाते. त्या बुधवारी वहिनी दारातच म्हणाली, “जरा याच्या फोनचं काय ते बघ. अंगठा लावून उघडतच नाहीये. दुकानात नेला, ते म्हणतात फोन चांगला आहे.”

दादा खिडकीशी बसला होता. फोन माझ्याकडे सरकवून म्हणाला, “आधी पहिलं बोट चालेना. मग अंगठा लावून ठेवला, तोही गेला. आता हा मला ओळखतच नाही.”

मी त्याचं बोट धरून फोनच्या काचेवर टेकवलं. बोट गार होतं. त्याचं टोक हाताला लागलं तेव्हा मी चटकन सोडलं. घासून घासून पातळ झालेल्या साबणाच्या वडीसारखं लागलं मला ते.

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“दाखवलं. म्हणाले, घासकाम करणाऱ्यांच्या रेषा जातात. होतं असं.”

“आणि मी म्हटलं त्यांना,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “की याने वर्षभरात साधी काडी इकडची तिकडे केलेली नाही. घासतोय कुठे? तर म्हणे परिणाम उशिरा दिसतात.”

डॉक्टर म्हणतात म्हणजे असेलच, असं मी स्वतःला सांगितलं आणि दोन घास खाल्ले. मग वहिनीनं धुणं उचलता उचलता उशीचा अभ्रा माझ्यापुढे धरला. “आणि हे काय म्हणायचं? तीनदा धुतला. झोपताना उजवा हात गालाखाली घेतो ना, तिथेच पडतं.”

अभ्र्यावर राखाडी डाग होता, तळहाताएवढा. मी बोटानं चोळून पाहिला. तो मला ओळखू आला. अॅल्युमिनियम घासलं की अंगाला, कपड्याला, नाकपुडीला जी काळी-चंदेरी भुकटी लागते ती तीच. वर्षानुवर्षं माझ्या सगळ्या रुमालांना लागलेली होती.

“जुन्या कपड्यांचा लागला असेल,” मी म्हणाले.

दादा माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. एखादं हेड हातात घेऊन बघावं तसा.

५

दुसऱ्या दिवशी मी विसावं हेड मशीनमधून काढलं, धुतलं आणि दिव्याखाली धरलं. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लहान आरसा आमच्याकडे असतो, तो आत घातला.

मशीन आतून कसं कोरतं हे कुणालाही एकदा दाखवलं की कळतं. ओल्या वाळूवरून फणी फिरवावी तसे बारीक, समांतर, एकसारखे चर. मशीनमधून निघालेलं अगदी पहिलं हेड नमुना म्हणून मी ठेवून घेतलं होतं. त्यात वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त चर होते. विसाव्यात वळणाच्या आतल्या अंगाला चर नव्हते. तिथे करंगळीच्या नखाएवढी जागा गुळगुळीत होती.

आकडा चढला होता तो यामुळेच. हवेला ते वळण सर्वात अवघड असतं. तिथे जो सुधारतो तो जिंकतो.

दिवा तिरपा केला तेव्हा त्या गुळगुळीत जागेत रेषा दिसल्या. केसाहून बारीक. एकात एक वळत गेलेल्या, मधे एक छोटा फास. आणि त्या सगळ्यांना तिरकी छेदून जाणारी एक कोरी पट्टी.

मी सहा वर्षांची असताना दादानं मला पत्र्याचा डबा उघडून दिला होता. आई नको म्हणत होती, मी हट्ट धरला होता. पत्रा त्याच्या तर्जनीत घुसला. तो वण त्याच्या बोटावर राहिला. तिरका.

मी खुर्चीत बसले आणि शहाण्या माणसासारखा विचार करायला लागले. साच्याच्या रबरात बारीक ठसे येतात. दादाचं बोट हजार वेळा आत गेलेलं, तेलकट ठसा राहिला असेल, तो रबरात आला असेल, रबरातून स्कॅनमध्ये. इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या कटरचं टोक वाटाण्याएवढं आहे. वाटाण्यानं केसाएवढी रेघ कशी ओढायची? आणि ठसा स्कॅनमध्येच होता, तर तो पहिल्या हेडमध्ये का नव्हता?

हेड मी कापडानं पुसलं, कडेला तीन ठिपके ठोकले आणि खोक्यात भरलं.

६

पुढच्या मंगळवारी मी मास्तरांना सांगितलं, “बरोबर अकराला हेड लावा. मी तासभर बाहेर आहे.” आणि दादाकडे गेले. अकराला दहा कमी होते.

तो खिडकीशी बसला होता. मी उगीचच इकडचं तिकडचं बोलत राहिले. त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, झोपलेल्या मांजरासारखा. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघत होते.

अकरा वाजून गेल्यावर थोड्या वेळानं त्याची तर्जनी हलली.

तो मला शेजाऱ्यांच्या गळक्या नळाची गोष्ट सांगत होता. त्या नळाच्या पायी दोन घरांत बोलणं कसं बंद झालंय, ते रंगवून सांगत होता. बोट आपल्या आपण वाकलं, हवेत कशात तरी शिरल्यासारखं पुढे गेलं, एका जागी थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं, हळू. त्याचा आवाज बदलला नव्हता, पण कपाळावर घाम होता.

“दादा, हात दुखतोय का?”

“दुखत नाही गं.” तो हाताकडे न बघता म्हणाला. “दमतो मात्र. काही न करता दमतो. विशेषतः सकाळी.”

“रोज?”

“रविवारी नाही,” तो म्हणाला.

वर्कशॉपमध्ये परत आले तेव्हा मास्तरांनी सांगितलं, हेडला एक्कावन्न मिनिटं लागली. आकडा दोनशे चोवीस आला. तेवढी हवा आमच्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही हेडमधून कधी गेली नव्हती, दादाच्या स्वतःच्यासुद्धा नाही. संघाच्या माणसाचा त्याच संध्याकाळी फोन आला. म्हणाला, दादांना सांगा, म्हातारपणी त्यांचा हात उजळलाय.

सहा हेडं राहिली होती.

७

मला तेव्हा कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सगळं कळलं नव्हतं, पण थांबायला जेवढं पुरेसं होतं तेवढं कळलं होतं. मी मनाशी एकच वाक्य घोळवत होते, की एवढी ऑर्डर होऊ दे, मग त्याला सगळं सांगीन. ते वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटायचं. कुठे ऐकलंय ते आठवायचा मी प्रयत्न केला नाही.

सत्ताविसाव्या हेडला मास्तरांनी डबा पिशवीत भरला, चष्माही आठवणीनं घेतला.

“बाई, मी उद्यापासून येत नाही.”

“काही चुकलं का आमचं?”

“नाही, नाही.” ते बराच वेळ पिशवीचा बंद सरळ करत राहिले. “मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की यंत्राच्या जवळ उभं राहताना घाबरायचं नाही, फक्त सावध राहायचं. पण ते वळण आलं ना, की मला वाटतं, आत कुणीतरी श्वास रोखून धरलाय. आणि मी त्याच्याकडे बघतोय हे त्याला आवडत नाही. माझं वय झालं असेल.” मग जाता जाता म्हणाले, “दादा बरे आहेत ना?”

“बरे आहेत.”

“त्यांना एकदा आणा इकडे. किंवा मग हे बंद तरी करा.”

शेवटची तीन हेडं मीच लावली. बटण दाबलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन पंखा सुरू करायचे, म्हणजे त्या आवाजात थांबण्याची शांतता ऐकू येत नसे. तिसाव्याला एक तास चार मिनिटं लागली. मी ते बेंचवर लावलंच नाही. न मोजता भरलेलं ते माझं पहिलं हेड.

८

ऑर्डर गेली आणि मी दादाकडे गेले. वहिनी बाजारात गेली होती, ते बरं झालं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, रबर, पिशवी, स्कॅन, मशीन, तीन ठिपके. सांगताना मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तो मला थांबवेल, निदान रागावेल, याची वाट बघत होते. ती मेणबत्तीसारखी बोटं आणि ‘एवढा सीझन काढू या’ हेही सांगितलं.

“प्रोग्रॅम मी आज पुसून टाकते,” मी म्हणाले. “आत्ता जाते आणि पुसते.”

“मला माहीत होतं,” दादा म्हणाला.

“रबराचं?”

“ते तर होतंच. वास जातो होय? मशीनचंही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.” त्यानं उजव्या हातावर पंचा टाकलेला होता, तो जरा सारखा केला. “बोटांना दोन-तीन वर्षं काही म्हणून लागलं नव्हतं, छोटी. कप गरम आहे की गार ते ओठाला लागल्यावर कळायचं. तुझ्या वहिनीचा हात हातात घ्यायचो, तर मधे जाड कापड असल्यासारखं. आणि एका सकाळी अंघोळीला बसलो होतो, तर मला धातू लागला. गार, ओला. हात तर माझा बादलीत होता. वळणाच्या अलीकडचा तो उंचवटा असतो ना, तो लागला. मी तिथेच बसून रडलो. ती दार वाजवत राहिली.”

“दादा, पण त्यानं तुझं बोट...”

“बघितलंय मी.”

“मग?”

“मग काय? हाताला दुसरं काय माहीत आहे?” तो हसला. “सोमवार ते शनिवार सकाळी मी माणूस असतो. त्या तासाभरासाठी मी उठतो. तू प्रोग्रॅम पुसायचा म्हणतेस.”

त्यानं चहाचा कप उचलायला पंच्याखालून हात काढला. मी बघायचं नाही म्हणत असतानाच बघितलं. तर्जनी मधल्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतही पोचत नव्हती. जखम नव्हती, वण नव्हता, नखही नव्हतं. टोक गोल होतं, चकाकत होतं, फार चांगलं काम केल्यासारखं. आधी ते बोट किती लांब होतं, ते मला नेमकं आठवेना, आणि न आठवण्यातच मला हायसं वाटलं.

“आता हेडं नाहीत,” मी म्हणाले. “महिनाभर तरी काही काम नाही.”

“नुसतंच चालव.”

“रिकामं?”

“रविवारी चालव. रविवार फार मोठा असतो गं.”

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. बावीस वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

९

रविवारी सकाळी मी शटर अर्ध्यावर ठेवून आत गेले. मशीनच्या आतला, चुरा पडायचा तवा कोरडा करून पुसला, पाणी बंद ठेवलं, दार लावलं. पकडीत काही नव्हतं. दादानं घरी फोन स्पीकरवर ठेवला होता, वहिनी बहिणीकडे गेली होती. मीही माझा फोन स्पीकरवर ठेवला.

“लावते,” मी म्हणाले.

“हं.”

धातू नसला की कटर शीळ घालतो, बारीक आणि पोकळ. ती शीळ वर-खाली होत राहिली. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं, कारण उडायला पाणी नव्हतं. कटर रिकाम्या हवेत शिरत होता, बाहेर येत होता. पलीकडून फक्त दादाच्या श्वासाचा आवाज. मला वाटलं, काही होणार नाही. रिकाम्या हवेत काय लागणार? महिनाभरात तो कंटाळेल, मी प्रोग्रॅम पुसेन, आणि कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

कटर वळणाच्या जागी आला आणि शीळ बसली.

तो आवाज मला ओळखू येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. कटर कशात तरी रुतला होता. धातूत रुतल्यावर येतो तसा खणखणीत नाही, त्याहून मऊ, लाकूड आणि खडू यांच्या मधला कसला तरी. पकडीत काही नव्हतं, मी पुन्हा पाहिलं. कटर मागे आला. थांबला. फोनवर श्वासही थांबला.

“तिथेच,” दादा म्हणाला. “जरा आणखी.”

कटर पुढे गेला, हळू.

खालच्या काळ्या तव्यावर, मी आत्ताच पुसलेल्या, काहीतरी पांढुरकं उतरायला लागलं होतं. फार थोडं, चाळणीतून पडावं तसं. त्याला चकाकी नव्हती. अॅल्युमिनियमला असते.

माझा तळवा लाल बटणावर होता. ते बटण दाबायला ताकद लागत नाही, हात नुसता टेकवला तरी मशीन थांबतं, म्हणून तर ते एवढं मोठं केलेलं असतं.

“दादा, थांबवू का?”

“नको.” त्याचा आवाज एवढा सुखी मी कधी ऐकला नव्हता. तो कामात असताना असा असेल आतून, आम्हाला दिसत नसेल. “किती छान लागतंय गं. तू थांब जरा.”

मी थांबले. हात बटणावरून काढून मांडीवर घेतला. प्रोग्रॅम संपायला दीड तास लागला. मग मी दिवा न लावता ब्रशनं तवा झाडला. जे निघालं ते कागदात बांधलं. कुठे टाकायचं ते सुचेना, म्हणून कपाटात त्याच्या हेडशेजारी ठेवलं.

फोन अजून चालूच होता. मला वाटलं, त्याला झोप लागली.

“छोटी.”

“अं?”

“उजव्याचं आता होतच आलं.” तो जरा वेळ काहीतरी चाचपत असल्यासारखा आवाज आला, मग म्हणाला, “डावा अजून तसाच आहे. त्यालाही काही लागत नाही. तुमच्या त्या मशीनला डाव्या हाताचं जमतं का?”

न जमायला काय झालं? आरशात दिसावा तसा प्रोग्रॅम उलटा करायचा, एवढंच. पण हे त्याला माहीत नव्हतं. जमत नाही म्हटलं असतं, तर त्यानं मान्य केलं असतं, वर्षानुवर्षं माझं सगळं मान्य करत आला तसं. एक खोटं बोलायचं होतं फक्त. मला सवय होती, आणि त्या एका वेळी तेच बरोबर होतं.

पण मी त्याला नुकतंच सगळं खरं सांगून बसले होते. पुन्हा खोटं बोलायची लाज वाटली.

“जमतं, दादा,” मी म्हणाले. “पुढच्या रविवारी करू या.”